एलिंग हाउगनला पडलेली मते

कार्व्हर्स मिल, १६ सप्टेंबर १८७७

प्रिय नील्सदादा,

तुझा पत्ता मला या घरात कुणी दिलेला नाही. तुझ्या रेल्वे कंपनीच्या वेळापत्रकाच्या मलपृष्ठावर, मालवाहतुकीच्या नियमांखाली, ‘विधी विभाग, शिकागो’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. तेवढ्यावर विसंबून हे पत्र पाठवते आहे. बाबांना ते ठाऊक नाही. तुझे उत्तर आलेच तर शाळेच्या पत्त्यावर येऊ दे. मी आता तिथे वरच्या वर्गाला व्याकरण शिकवते.

वर्तमानपत्रात तू वाचलेच असशील, तरी ते माझ्याकडून कळावे असे वाटले. पक्षाच्या अधिवेशनाने अ‍ॅटर्नी जनरलच्या जागेसाठी बाबांना उभे केले आहे. राज्याचा वकील! शेवटच्या फेरीत नाव पुकारले गेले तेव्हा बाबा मागच्या बाकावर कुणाच्या तरी कुळकायद्याचे कागद वाचत बसले होते, असे मिस्टर प्रॅट सांगतात. पक्षाचा इथला सगळा कारभार याच प्रॅटसाहेबांच्या हाती आहे. ते घरी आले आणि टोपीही न काढता म्हणाले, “थॉम्प्सन, खरं सांगू? यादीच्या तळाशी आम्हाला एक नॉर्वेजियन हवाच होता. तळ जड असला की होडी उलटत नाही!” बाबा हसले. मला हसता आले नाही. पण मी कॉफी दिली.

बाबा कशासाठी उभे आहेत हे तुला माझ्याहून अधिक नेमके कळेल, कारण दुसऱ्या बाजूच्या कचेरीत तूच बसतोस. रेल्वेच्या मालभाड्याला मर्यादा घालणारा कायदा होऊन तीन वर्षे झाली. आपल्या खोऱ्यातल्या स्टेशनावरून गिरणीपर्यंत गहू न्यायला तुमची कंपनी आजही जे भाडे घेते ते त्याच्या चौपट अंतरावरच्या शहरापर्यंतच्या भाड्याहून अधिक आहे. सध्याचे अ‍ॅटर्नी जनरल ती फाईल उघडत नाहीत. बाबांनी सभेत शब्द दिला आहे की निवडून आल्यास त्यांची पहिली सही कंपनीवरच्या दाव्यावर असेल.

म्हणून तू कंपनी सोड, असे मी म्हणत नाही. तुझ्या-त्यांच्या भांडणात मी पडणार नाही. “तुम्ही कोर्टासाठी नाव बदललंत, मी कंपनीसाठी बदललं, फरक काय?” असे तू विचारलेस तेव्हा आईने जे उत्तर दिले ते तुला फार लागले, हेही मला माहीत आहे. “नेल्सन म्हणजे नील्सचा मुलगा,” ती म्हणाली होती, “म्हणजे तू आता स्वतःचाच मुलगा झालास का रे?” आपण सगळे हसलो होतो. तू हसला नाहीस.

माझी मागणी लहान आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी खोऱ्यातल्या चर्चच्या अंगणात सभा आहे. ये. बोलू नकोस, नुसता बाबांच्या शेजारी उभा राहा. ते जमत नसेल तर दोन ओळी लिही. ते त्या वाचतील की नाही, सांगता येत नाही. पण त्यांच्या पुढ्यात ठेवायचे धाडस मी करीन.

तुझी
रॅग्ना


कार्व्हर्स मिल, १७ ऑक्टोबर १८७७

प्रिय नील्सदादा,

तुझे पत्र शाळेत मिळाले. मुलींसमोर ते उघडायचा धीर झाला नाही. कोळशाच्या खोलीत जाऊन वाचले. तू येणार नाहीस हे मी गृहीतच धरले होते. पण तू चौकशी केलीस! आईच्या कबरीवर कोणते झाड लावले, मी काय वाचते, खोऱ्यातले लोक बाबांना अजून ‘हाउगन’ म्हणूनच ओळखतात का... सहा वर्षांनी तुला त्या नावाची आठवण झाली, हे वाचून मला जे वाटले ते इथे लिहीत नाही.

तर हो, अजून हाउगनच. थॉम्प्सन हे नाव कार्व्हर्स मिलच्या वेशीपाशी संपते. सभेत काय झाले ते ऐकलेस तर तुलाही हसू येईल. मतदानासाठी पक्ष ज्या चिठ्ठ्या छापतो त्यांचा नमुना प्रॅटसाहेबांनी सगळ्यांना दाखवला. गव्हर्नरपासून खाली सगळी नावे. ती चिठ्ठी जशीच्या तशी पेटीत टाकायची. गुलब्रांडकाका (त्यांच्या सफरचंदांसाठी तू दोनदा मार खाल्ला आहेस) चिठ्ठी नाकाशी धरून उभे राहिले.

“एलिंग, यात तू कुठंयस?”

“तळाला बघ. थॉम्प्सन.”

“हा थॉम्प्सन कोण? ह्या इंग्रजाला मी काय म्हणून मत द्यायचं?”

“तो इंग्रज मीच आहे, गुलब्रांड.”

“असं कसं? तू एलिंग हाउगन. मी तुझ्या लग्नात नाचलोय. तुझ्या सासऱ्याच्या अंगणात!”

सगळे अंगण हसत होते. मागून कुणीतरी ओरडले, “अरे, घरजावई आहे तो! आधी बापाचं नाव, मग बायकोच्या शेताचं, आता जज्जाच्या सोयीचं! माणूस एक, नावं तीन!” त्यावर बाबाही खळखळून हसले आणि म्हणाले, “डोळे मिटून टाका रे चिठ्ठी, पोचते मला.”

गुलब्रांडकाकांना मात्र ते पटले नाही. प्रॅटसाहेबांना ते आपल्या मोडक्या इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत होते, “आमचं नाव छापा. आमच्या अक्षरात छापा. मग बघा खोरं कसं मत देतं ते.” साहेबांनी मान हलवली आणि गाडीत बसले. त्यांना एक शब्द तरी समजला असेल, असे मला वाटत नाही.

आईचे ‘एव्हरे’, म्हणजे ‘वरचे’, मात्र आता कुणी उच्चारत नाही. इथे एकच हाउगन, त्याला वरचे-खालचे कशाला? खालच्या हाउगनशी आपली गल्लत होऊ नये म्हणून मरेपर्यंत जपत होती ती फक्त आईच. तुला आठवते का, चुलीच्या राखेत बोटाने ती ‘एव्हरे’चे पहिले अक्षर काढून दाखवायची? आधी गोल, मग त्याला छेदणारी तिरपी रेघ. “हा गोल म्हणजे डोंगर, आणि ही रेघ म्हणजे आपल्या घराकडे चढणारी वाट. वाट पुसलीत तर घरी कसे याल?” इंग्रजी छापखान्यांत ती रेघ नसते, नुसता ‘ओ’ असतो; तिच्या थडग्यावरच्या दगडातही ती आली नाही. दरड कोसळून नॉर्वेतले ते शेत तर केव्हाच गेले. वाट आता तुझ्या आणि माझ्याच डोक्यात उरली आहे.

पुन्हा लिही. बाबांना अजून सांगितलेले नाही, पण परवा ते आपणहून म्हणाले, “शिकागोला आता थंडी सुरू झाली असेल.”

तुझी
रॅग्ना


कार्व्हर्स मिल, ७ नोव्हेंबर १८७७

नील्सदादा,

काल मतदान झाले. जे घडले ते क्रमाने लिहिते. क्रम सोडला तर माझ्याकडून भलते काही लिहिले जाईल.

बाबांनी सकाळी इथल्या टाऊन हॉलमध्ये मत दिले. दिवसभर तारा येत होत्या. पूर्वेकडच्या परगण्यांत ते थोडेसे मागे होते, प्रॅटसाहेब सारखे म्हणत होते, “तुमचं खोरं मोजून होऊ द्या. थोडंसं मागे असलेला उमेदवार मी खोऱ्याच्या जिवावर किती वेळा ओढून काढलाय!” दिवे लागायच्या सुमारास ते तारघरात गेले आणि घरात आम्ही दोघेच राहिलो.

तेवढ्यात दार न वाजवता गुलब्रांडकाका आत आले. दाढीत बर्फ, चेहरा लग्नाच्या वऱ्हाड्यासारखा.

“एलिंग, पोरीला कॉफी टाकायला सांग! आज खोऱ्यातल्या एकाही माणसानं तुझ्या त्या इंग्रजाला मत दिलं नाही!”

बाबांना वाटले थट्टा आहे. “मग कुणाला दिलंत?”

“तुला!” काकांनी टोपीच्या अस्तरातून एक चिठ्ठी काढली. “बघ! शिकागोहून रेल्वेनं गठ्ठाच आला, आमच्या पक्षमित्रांकडून म्हणून. प्रॅट वाटतो तसा बहिरा नाही हां. मी सगळ्यांना दम दिला होता, एलिंगला कुणी आधी सांगायचं नाही, त्याला चकित करायचं. म्हातारा आर्ने तर रडला रे. म्हणाला, ह्या देशात आल्यापासून पहिल्यांदा आपल्या माणसाचं नाव आपल्या अक्षरात बघतोय.”

चिठ्ठी सुंदर छापलेली होती. बाकीची सर्व नावे पक्षाच्या चिठ्ठीप्रमाणेच होती. तळाशी, अ‍ॅटर्नी जनरलच्या पुढे, ‘एलिंग एव्हरे हाउगन’.

बाबांनी चष्मा लावला. फार वेळ वाचत राहिले, एका ओळीला लागतो त्याहून फार अधिक वेळ.

“किती वाटल्यास?”

“सगळ्या! चारही केंद्रांवर. पक्षाचा गठ्ठा सोडलासुद्धा नाही, पेटवायला होईल. ही एक उरली, ती तुझ्यासाठी आणली.”

या राज्यात थॉम्प्सन उमेदवार आहे. हाउगन उमेदवार नाही. मोजणारा कारकून चिठ्ठीवरचे नाव लिहितो, टाकणाऱ्याच्या मनातले लिहीत नाही. हे बाबांना कळायला क्षणही लागला नसेल. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. आता ते काकांना सांगतील असे मला वाटले. ते म्हणाले, “रॅग्ना, कॉफी दे गं. गुलब्रांड लांबून आलाय.”

काकांनी तीन कप कॉफी घेतली. बाबांच्या लग्नातले गाणे म्हणून दाखवले. मग गेले.

तुला एकच विचारते. गोलाला रेघ असलेले ते अक्षर इंग्रजी छापखान्यात नसते. ते मुद्दाम मागवावे लागते. कुणी मागवले?

रॅग्ना


कार्व्हर्स मिल, ९ डिसेंबर १८७७

श्री. नेल्सन यांस,

माझ्या प्रश्नाचे उत्तर आले नाही. आपण कार्यव्यग्र असाल.

राज्याची अधिकृत मोजणी प्रसिद्ध झाली आहे. एलिंग थॉम्प्सन आठशे एकतीस मतांनी पराभूत. त्याखाली निराळ्या ओळीत, एका निराळ्या उमेदवाराप्रमाणे, ‘एलिंग ओव्हरे हाउगन: एक हजार दोनशे चार’. कारकुनाने रेघ गाळली आहे. आपण घेतलेले कष्ट तेवढ्यापुरते वाया गेले.

इथल्या वर्तमानपत्राला हे फार गमतीचे वाटले. ‘कोण हे हाउगन महाशय? सभा नाही, भाषण नाही, जन्माला आल्याचा पुरावा नाही, आणि हजारावर मते! अशा गुणी माणसाला पुढच्या वेळी गव्हर्नर करावे.’ माझ्या वर्गातल्या मुलींनी ते कात्रण फळ्याला टाचले होते. मी ते काढले नाही. त्यातल्या एका वाक्याचे त्यांच्याकडून पृथक्करण करून घेतले.

गुलब्रांडकाकांना बातमी गिरणीत कळली. ते आले ते दारातच उभे राहिले, टोपी हातात. आत यायला तयार होईनात.

“मी तुझा गळा कापला, एलिंग.”

“तू माझं नाव घेतलंस, गुलब्रांड. त्याला गळा कापणं म्हणत नाहीत.”

“मला वाचता येत नाही म्हणून...”

“वाचता येणाऱ्यांनीही तीच टाकली. सभेत मी हसण्यावारी नेलं, तेव्हाच सांगायला हवं होतं. ये आत.”

ते आले नाहीत. त्यानंतर चर्चमध्येही आमच्या बाकावर बसत नाहीत. आपल्या हिशेबात हा खर्च धरलेला नसावा, म्हणून कळवते.

प्रॅटसाहेब मात्र उत्साहात होते. “दावा लावू! हजार माणसं शपथेवर सांगतील, थॉम्प्सन आणि हाउगन एकच. सरळ जिंकतो आपण.”

“आणि छापखान्याचा मालक?” बाबांनी विचारले. “त्यालाही पिंजऱ्यात यावं लागेल ना?”

“यायलाच हवं! नाव कुणी पुरवलं ते शपथेवर निघू दे. आत कुणी वकील सापडला तर त्याची सनद गेलीच म्हणून समजा.”

कागद तयार होते, दौत पुढे होती. दुसऱ्या दिवशीही ते तसेच होते. तिसऱ्या दिवशी बाबांनी ते परत पाठवले, सहीविना. प्रॅटसाहेब आमच्या पायऱ्यांवर उभे राहून रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले, “थॉम्प्सन, कुणाला वाचवताय तुम्ही? ती बाराशे माणसं तुमची कुणी नाहीत का?”

बाबांना आपल्याविषयी मी काही सांगितलेले नाही; आपला माझा पत्रव्यवहारही त्यांना ठाऊक नाही. वय झाले आहे, थकले आहेत, कोर्टाचा ताप नको असेल, असे मी समजते. आपणही तसेच समजावे. झोप चांगली लागेल.

आपल्या पत्रातले तीन प्रश्न मी पुन्हा वाचले. झाडाविषयी, माझ्या वाचनाविषयी, आणि नावाविषयी. पहिल्या दोन प्रश्नांना आपल्या विधी विभागात काय म्हणतात?

रॅग्ना थॉम्प्सन


कार्व्हर्स मिल, २० जानेवारी १८७८

नील्स,

अखेर तू उत्तर दिलेस. चारच वाक्ये, पण तुझ्या धंद्याला शोभतील अशी. ‘मी कुणाची सही केली नाही. कुणाचे मत चोरले नाही. बाबांनी कोर्टाच्या दाराशी टाकलेले नाव लोकांनी त्यांना परत दिले. यात मी खोटे काय छापले?’

खोटे काहीच नाही. व्याकरण तपासण्याची मला सवय आहे; तुझ्या चिठ्ठीत एकही चूक नव्हती. एलिंग एव्हरे हाउगन हे बाबांचेच नाव आहे. आमच्यातल्या कुणाही माणसापेक्षा तू ते अधिक शुद्ध लिहिलेस. आणि म्हणूनच ते चालले. खोटे नाव असते तर गुलब्रांडकाकांनी गठ्ठा चुलीत घातला असता. लोक खोट्याला फसले नाहीत, नील्स, ते खऱ्याला फसले. यापुढे कुणी आपल्या अक्षरात काही पाठवले की खोरे ते उलटे धरून बघेल.

नव्या अ‍ॅटर्नी जनरलांनी पहिल्याच आठवड्यात भाड्याची फाईल बंद केली. परवा गुलब्रांडकाकांनी गहू गाडीत चढवला तो जुन्याच भाड्याने. स्टेशनमास्तरने पावतीसाठी नाव विचारले. काका म्हणाले, “कोणतंही लिही.”

तुझे पत्र मी ठरल्याप्रमाणे शाळेतच वाचले. घरी आणणार नव्हते. पण बाहेर बर्फाचे वादळ होते, ते कोटाच्या खिशातच राहिले आणि कोट बाबांनी वाळत घातला. मी जेवणाला बोलवायला गेले तर ते खुर्चीत बसले होते, पत्र मांडीवर, पाकिटातून न काढलेले. पाकिटावरचे अक्षर त्यांना ओळखू आले होते.

“वाचा ना,” मी म्हणाले. “वाचा. त्यानंच केलं ते. मला विचारून घेतलं आणि केलं.”

“माहीत आहे.”

“केव्हापासून?”

“गुलब्रांडनं टोपीतून चिठ्ठी काढली तेव्हापासून.”

मी त्यांना कधीही उलट बोललेले नाही. त्या दिवशी बोलले. आता ते सारे लिहीत बसत नाही. प्रॅटसाहेबांचाच प्रश्न मी माझ्या शब्दांत विचारला, आणि माझे शब्द अधिक कडू होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग उठून आईचे स्तोत्रांचे पुस्तक काढले. त्यात ती चिठ्ठी होती, गुलब्रांडकाकांनी आणलेली.

“हे बघ,” ते म्हणाले आणि त्या गोलावर, रेघेवर बोट ठेवले. “इंग्रज छापखान्यात हे अक्षर नसतं. त्याला कुठूनतरी मागवावं लागलं असेल. नुसतं ओव्हरे लिहून भागलं असतं, बाराशे मतं तेवढ्यानंही गेलीच असती. कुणाला कळलं असतं? पण त्यानं रेघ सोडली नाही.” त्यांनी चिठ्ठी पुन्हा पुस्तकात ठेवली. “तिनं शिकवलेलं विसरला नाही गं पोरगा.”

हे मी तुला का कळवते आहे, हे नीट समजून घे. क्षमा कळवीत नाही. ती त्यांनी केली असेल तर ती त्यांची. माझ्याजवळ नाही, आणि असती तरी शिकागोला पाठवली नसती. तू आईच्या अंत्यविधीला आला नाहीस, फुलांचे चक्र पाठवलेस, वर कार्ड होते ‘एन. नेल्सन’. या सहा वर्षांत तिच्या घराचे नाव तुझ्या हातून एकाच कागदावर उमटले, आणि तो कागद हा. मी तो जाळला असता. बाबा तो तिच्या पुस्तकात जपून ठेवतात, कारण मुलाकडून आलेले त्यांच्यापाशी दुसरे काही नाही.

तुझे पत्र न वाचताच त्यांनी मला परत दिले. म्हणाले, “ह्यावर नेल्सन लिहिलंय. त्या माणसाला मी ओळखत नाही.”

काल त्यांनी दारावरची थॉम्प्सनची पाटी उतरवली आणि तिथे जुने नाव रंगवायला दिले. रंगारी बाहेर शिडीवर उभा राहून विचारत होता, “साहेब, ह्या ‘ओ’वरचा काप मुद्दाम मारलाय की चुकून पडलाय?” बाबा कोट न घालता थंडीत बाहेर गेले आणि ती रेघ कुठून सुरू होते व कुठे संपते, ते त्याला बोटाने दाखवीत बराच वेळ उभे राहिले.

वाट आता पुन्हा दारावर आहे. तू तिच्यावरून चढून येऊ नयेस अशी माझी इच्छा आहे. बाबांची नाही. म्हणून कुलूप लावलेले नाही.

रॅग्ना एव्हरे हाउगन